अनुभवी माणसाचे अज्ञान

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी, मोटारसायकल चालवू लागल्याला एकोणीस वर्षे झाल्यानंतर, मी मोटारसायकल थांबवायला शिकलो. हे वाक्य वाचून कोणाला हसू आले तर त्यात वावगे काही नाही. ते पहिल्यांदा मनात आले तेव्हा मलाही हसूच आले होते. परंतु त्या हसण्यामागून एक प्रश्न आला आणि तो अद्याप माझ्या घरातून हललेला नाही. आपल्यासारख्या, बदलीच्या गावी पाठ टेकून राहणाऱ्या नोकरदार वाचकांपुढे तो मांडावा, इतकाच या लेखाचा हेतू.

माझे वास्तव्य भिलाईच्या वैशाली नगरात आहे. ज्यांनी हे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, मुंबई-कलकत्ता मार्गाचा जो भाग येथे जी. ई. रोड म्हणून ओळखला जातो, त्याच्या दक्षिणेला रेल्वे, सेक्टरांची आखीव वसाहत आणि कारखाना आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन उभा राहिलेला हाच तो पोलादाचा कारखाना. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. रस्त्याच्या उत्तरेला सुपेला आणि त्यापलीकडे आमचे वैशाली नगर. येथे पाळी सुटण्याच्या वेळेला रस्त्यावर माणसे दिसत नाहीत, दुचाक्यांचा लोंढा दिसतो. या लोंढ्यात रोज सकाळ-संध्याकाळ मीही असतो, आणि असणाऱ्या प्रत्येकाप्रमाणे मीही स्वतःला त्यातला जाणता समजत असे.

त्या रविवारी एका मोकळ्या मैदानावर दहा वर्षांहून अधिक काळ दुचाकी चालवणाऱ्यांसाठी एका दिवसाचा वर्ग भरला होता. नवशिक्यांना मज्जाव होता. कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना घेऊन मी गेलो, ते खरे सांगायचे तर कुतूहलापेक्षा रविवार रिकामा होता म्हणून. शिकवणारा तरुण आमच्या निम्म्या वयाचा. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती इतकीच, की ताशी ४० किलोमीटर वेगाने या, या खांबाशी आल्यावर ब्रेक लावा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. त्याने टेपने अंतर मोजले. माझी गाडी मागचे चाक घसटत, शेपूट हलवत १९ मीटरवर थांबली. सहकाऱ्यांची त्याच्याही पुढे गेली. संध्याकाळपर्यंत, तीच गाडी, तेच मैदान, तोच मी, ९ मीटरवर थांबू लागलो.

यात जादू काही नव्हती. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके होते आणि हलक्या चाकाला रस्ता धरवत नाही. म्हणजे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेकचे आहे, तेही एकदम आवळून नव्हे, तर लिंबू पिळावे तसे वाढत्या दाबाने. आणि आम्ही सारे तर लहानपणी कोणा मामाने वा मित्राने सांगितलेला मंत्र जपत आलो होतो, की पुढच्या ब्रेकला हात लावू नये, गाडी उलटते. एकोणीस वर्षे मी गाडीचा अर्ध्याहून अधिक ब्रेक शोभेपुरता बाळगला होता.

आमचे सहकारी दुपारच्या जेवणानंतर परत जाण्यास निघाले. मला म्हणाले, “अहो, तीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. हा पोरगा मला काय शिकवणार?” त्यांचा राग मला क्षुद्र वाटला नाही आणि त्यांचे म्हणणेही झटकून टाकण्याजोगे नाही. तीस वर्षे एखादे काम निर्वेध करणाऱ्या माणसाला ते काम येते असे म्हणायचे नाही, तर मग ‘येणे’ या शब्दाला अर्थ तरी काय राहिला?

मला वाटते, घोटाळा कामाच्या जातीत आहे. पोळी करपली तर ते त्याच क्षणी कळते. टिपणीत नियम चुकला तर फाइल दुसऱ्या दिवशी शेरा घेऊन परत येते. या कामांत अनुभव खरोखर शिकवतो, कारण चूक आणि तिचे फळ शेजारी शेजारी बसलेली असतात. रस्त्याचे तसे नाही. तेथे चुकीच्या पद्धतीने हजार वेळा गेलो तरी हजार वेळा घरी पोचतो. कधी समोरचा थांबतो, कधी गाय बाजूला होते, कधी केवळ वेळ बरी असते. आपण दुसऱ्यांच्या सावधपणावर जगतो आणि त्याची जमा आपल्या खात्यावर मांडतो. ज्या दोन सेकंदांत खरी परीक्षा होते ती दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते, आणि त्या वेळी हात तेच करतात जे त्यांना सवयीने येते.

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल-अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली आपला अहवाल दिला. त्यातील ९२ टक्के चालक कोठेही रीतसर शिकलेले नव्हते. स्वतः, घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले. संकट दिसल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसटवले आणि पुढचा ब्रेक नीट वापरलाच नाही. हाताशी वेळ होता दोन सेकंदांहूनही कमी. मी हे वाचले ते वर्गाहून परतल्यावर, आणि वाचताना दुसऱ्याच्या कुंडलीत आपले ग्रह दिसावेत तसे झाले.

हात आणि डोके यांच्यातील ही फारकत मोठी विलक्षण आहे. विमानाचा जनक विल्बर राइट हा मूळचा सायकलवाला. सायकल डावीकडे वळवायची असली तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे ढकलावे लागते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पण त्याने कित्येक सायकलस्वारांना विचारले, तर एकालाही आपण काय करतो ते नीट सांगता आले नाही. करता येते, पण ठाऊक नसते. एरवी यात बिघडत नाही. बिघडते ते प्रसंग बदलला म्हणजे. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असे. त्यावर वाढलेला माणूस नव्या गाडीवर बसला की शांतपणे चालवताना चुकत नाही, पण दचकला की त्याचा डावा पाय जोराने खाली जातो आणि तेथे ब्रेक नसतो. तसेच, एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली. तिचा गुणच असा की लिव्हर हाताखाली थरथरते. अनुभवी माणूस त्या थरथरीला भिऊन ब्रेक सोडतो. नवशिका सोडत नाही.

येथवर हा कौशल्याचा प्रश्न झाला. नीतीचा प्रश्न पुढे आहे, आणि तो मला सांगणे अवघड वाटते.

वर्गाच्या सुमारे सव्वा वर्ष आधी, भाद्रपदातील एका संध्याकाळी, सुपेल्याहून घरी येताना गल्लीतून एक शाळकरी मुलगी सायकलवर आडवी आली. पत्नी मागे बसली होती. मी ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि सायकलच्या मागच्या चाकावर आदळली. आम्हांला खरचटले, आरसा फुटला. मुलीचे डावे मनगट मोडले. जमलेल्या लोकांनी एकमुखाने निवाडा दिला की चूक पोरीची. रात्री तिचे वडील, ठेकेदाराकडे काम करणारा एक मजूर माणूस, घर शोधत आले आणि हात जोडून म्हणाले, “बच्ची की गलती थी साहब, माफ कर दीजिए.” मी माफ केले. इतकेच नव्हे, औषधासाठी ५०० रुपये त्यांच्या हातावर ठेवले, आणि त्या रात्री स्वतःच्या औदार्यावर संतुष्ट होऊन झोपलो.

मैदानावर टेपवरचा ९ हा आकडा पाहिला तेव्हा ती गल्ली माझ्या डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी पावलांनी अंतर मोजले. मुलगी दिसली ती जागा आणि धडक बसली ती जागा यांत सुमारे २५ मीटर. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दचकून सावरण्यात एक सेकंद गेला असे धरले तरी उरतात १४. नऊ मीटरवर थांबणारा माणूस तेथे थांबला असता. एकोणीस मीटरवर थांबणारा थांबला नाही.

मुलगी न पाहता आली हे खरेच आहे. पण माझा भाग कोणता? मला पुढचा ब्रेक वापरता येत नव्हता, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेल्या गोष्टीचा दोष माणसाला द्यावा काय? ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचा विचार केला आहे. जे अज्ञान दूर करणे आपल्या हाती होते त्या अज्ञानाबद्दल माणूस दोषी ठरतो, असे त्याचे मत. आपल्याकडे चरकाने ‘प्रज्ञापराध’ हा फार समर्पक शब्द दिला आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळून घडलेल्या कर्माला तो अपराधच म्हणतो, नुसती चूक म्हणत नाही. मला ही दोन्ही मते मान्य आहेत, पण माझे अज्ञान त्यांच्याही पलीकडचे होते. दारू पिणाऱ्याला आपण प्यालो हे ठाऊक असते. मला मात्र माझ्या अज्ञानाचा पत्ताच नव्हता, कारण त्यावर अनुभवाचे झाकण घट्ट बसले होते. नवशिका भितो, विचारतो, हळू जातो. त्याचे अज्ञान उघडे असते. म्हणून अनुभवी माणसावर पुन्हा शिकण्याचे बंधन नवशिक्याहून अधिक आहे, असे मला वाटू लागले. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या व्यक्तीने तर आपला जीव त्या अनुभवाच्या भरवशावरच ठेवलेला असतो. पत्नीने मला कधी विचारले नाही, की तुम्हांला थांबता येते ना?

यावर एक खरा आक्षेप आहे. शिकवल्याने माणूस सुरक्षित होतोच असे नाही. नॉर्वेने १९७९ साली निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले, तर तरुण मुलांचे निसरड्यावरील अपघात उलट वाढले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात नव्या मोटारसायकलस्वारांना रस्त्यावर नेऊन शिकवण्याचा प्रयोग झाला; २०१६ साली निष्कर्ष आला तो असा, की अपघात कमी झाले नाहीत, आत्मविश्वास आणि वेग मात्र वाढले. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली दाखवले होते की त्यांनी विचारलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्के स्वतःला चालवण्यात मध्यम चालकाहून सरस समजत. अशा माणसाच्या हाती आणखी एक विद्या दिली की तो ती सावधपणासाठी न वापरता धाडसासाठी खर्च करतो. म्हणजे शिकण्याने गर्व वाढणार असेल तर आमचे सहकारी जेवून परत गेले हेच बरे झाले म्हणायचे!

मला हा आक्षेप खोडून काढता येत नाही. मात्र माझ्यापुरते एवढे सांगता येईल, की त्या दिवसाचा उपयोग मला संध्याकाळच्या ९ मीटरांनी फारसा झाला नाही. तो सकाळच्या १९ मीटरांनी झाला. त्या आकड्यानंतर मी ताशी ४० ऐवजी ३० ने गल्ल्यांपुढून जातो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यांत जाणते किती होते हे कोणी मोजले नसेल. मला तर वाटते, स्वतःच्या मते सारेच असतील.

‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला माणूस हा तर पट्टीचा मोटारसायकलस्वार. मे १९३५ मध्ये इंग्लंडातील डॉर्सेटच्या एका अरुंद रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनी तो विषय तेथे सोडला नाही; सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटविषयी निबंध लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तेथे कायदा व्हायला १९७३ उजाडले. मला या हकिगतीत लॉरेन्सपेक्षा केर्न्स मोठे वाटतात. आपल्या विद्येत श्रेष्ठ असलेला हा माणूस एका पराभवानंतर पुन्हा विद्यार्थी झाला.

असो. माझे काम याहून लहान होते, आणि तरी ते करायला मला दोन महिने लागले. ते ५०० रुपये मी दान म्हणून दिले होते. आता हिशेब पाहता ते दान नव्हते, देणे होते, तेही अपुरे. आणि जी क्षमा मी केली ती करण्याचा अधिकार माझा नव्हताच. पत्नी म्हणाली, “आता सांगून त्यांना काय मिळणार? त्यांच्या मनाला उगाच घोर.” हे व्यवहाराला धरून होते. पण त्या घरात एक मुलगी मनगट मोडून घेऊन वर स्वतःला अपराधी मानत वाढत होती, आणि याचा साक्षीदार मी एकटा होतो.

फाल्गुनात एका रविवारी मी गेलो. मुलगी दारात होती. तिने ओळखले आणि आत पळाली. वडील बाहेर आले, खाट टाकली, पाणी आणवले. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत टेप, मीटर, पुढचा ब्रेक असे सारे सांगू लागलो. ते मान हलवत ऐकत होते. मी क्षणभर थांबलो तसे ते उठून आत गेले आणि हातात दोनशे रुपये घेऊन आले. आरशाचे पैसे मागायला मी आलो आहे, असे त्यांना वाटले होते.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, आणि या वेळी मीटर वगैरे काही न आणता, की चूक माझी होती, तिची थोडी आणि माझी फार. ते बराच वेळ बोलले नाहीत. आतून मुलगी हळूच म्हणाली, “पापा, मैंने बोला था ना, अंकल ने पहले हॉर्न बजाया था.”

हॉर्न मी वाजवला होता, हे मला तोवर आठवतही नव्हते.