स्वदेशत्याग कोणाचा?



पंथातील काही विचारी वासनिक अलीकडे एक शंका बोलून दाखवितात. ती अशी : सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला आपला देश, आपले गाव आणि विशेषेकरून आपले आप्तसंबंधी यांचा संबंध टाकावयास सांगितले आहे. असे असता मेळघाटातील कोरकू आपली गावे सोडावयास का कू करतात, हा जमिनीचा मोहच नव्हे काय? शिवाय त्यांच्या निघून जाण्याने वाघ, सांबर, गवा या जीवांस अभय मिळते. म्हणजे अहिंसाही साधते. मग त्यात हळहळण्यासारखे काय आहे?

वरवर पाहता हा युक्तिवाद शास्त्राला धरून वाटतो. वस्तुतः तो शास्त्राला उलटे टांगणारा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे अवश्य आहे.

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागाचे झाड. आपण ज्या नदीला नुसते विशेषनाम समजून ओलांडतो, तिच्या नावात तेथील माणसाला आपले अरण्य ऐकू येते. कोरकू हा शब्दही त्या भाषेत 'माणसे' एवढाच अर्थ सांगतो. ही भाषा मुंडा कुळातील. तिचे भाईबंद पूर्वेस झारखंड-ओडिशाकडे, आणि त्या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडील टोक या सातपुड्यात. मृताच्या नावाने सूर्यचंद्र कोरलेला लाकडी खांब उभारण्याची त्यांची रीत आहे. गाव सोडताना हे खांब बरोबर नेता येत नाहीत.

१९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. १९८७ साली गुगामळ राष्ट्रीय उद्यान झाले. या शतकाच्या आरंभापासून बोरी, कोहा, कुंड आणि त्यामागून आणखी कित्येक गावे उठून खाली मैदानात, बहुतांशी अकोट तालुक्याच्या बाजूस आली. प्रत्येक कुटुंबास मिळणारी रक्कम २००८ पासून दहा लाख होती. २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. कागदावर हे सर्व ऐच्छिक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही ग्रामसभेच्या संमतीवाचून कोणास उठविता येत नाही. काही कुटुंबे शाळा, दवाखाना व रस्ता यांच्या ओढीने राजीखुशीने उतरली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु जानेवारी २०१९ मध्ये खाली आणलेल्या काही गावांतील लोक पुन्हा अरण्यात आपल्या जुन्या जागी परतले. वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांची झटापट झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. मोबदला घेतलेला माणूस परत का जातो, हा प्रश्न आपण मोह या एका शब्दात गुंडाळू नये.

आता शास्त्राकडे वळू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य भिन्न. गाव, शेत, कूळ, भाषा ही सर्व प्रपंचाची. जीवाला ती लागलेली नाहीत, जीवच त्यांना लागला आहे. 'मी अमुक गावचा' हा अभिमान सुटावा म्हणून स्वदेशत्याग सांगितला. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, हा विधी अनुसरलेल्याला आहे. ज्याने आपल्या इच्छेने परमेश्वरास वाहून घेतले त्याला. बळाने दिलेली दीक्षा आपण दीक्षा मानीत नाही, मग बळाने घडविलेला त्याग त्याग कसा मानावा? दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र ओढून घेऊन त्याला विरक्त म्हणण्यासारखेच ते झाले. दुसरी गोष्ट अशी, की जो न्याय कोरकूच्या झोपडीला लावावयाचा तो आधी आपल्या वाड्याला आणि सात-बाराला लावला पाहिजे. अप्पर वर्धा धरणात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी २०२३ साली मुंबईस मंत्रालयापर्यंत गाऱ्हाणे नेले. त्यांना आपण मोहग्रस्त म्हटले नाही. आपलीच माणसे म्हटली. बरोबरच केले. पण मग सिपनेकाठचा माणूस तेवढा ज्ञानाला पारखा कसा ठरतो?

अहिंसेचा आधार तर अधिकच जपून घ्यावयास हवा. पारध्यांच्या तावडीतून पळालेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला ही लीळा आपणा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी मागितला, तरी आश्रयास आलेला जीव स्वामींनी दिला नाही. त्यांनी पारध्यांना हाकलले नाही की शापिले नाही. त्यांना समजाविले, आणि ते आपल्या मनाने परतले. मग स्वामींनी मांडी उचलली, सशाला महात्मा म्हणून संबोधले आणि जाऊ दिले. या लीळेत अभय दोघांनाही आहे. सशाला वाचविण्यासाठी पारध्याचे घर मोडलेले नाही. वाघ हा जीव आहे, तसा कोरकूही जीव आहे. एकाचे अभय दुसऱ्याच्या उद्ध्वस्त होण्यातून विकत घेतले, तर त्या व्यवहाराला निदान अहिंसेचे नाव देऊ नये. आणखी एक मर्म असे, की ज्याला आश्रय दिला त्याच्यावर स्वामींनी मालकी सांगितली नाही. आपल्याकडे आश्रय देणारा बहुधा हीच गोष्ट विसरतो.

आश्रयदाता आणि पाहुणा यांचा विचार निघालाच आहे, तर सेमाडोहात पाहुणा कोण, हेही ठरवून टाकू. सर्वज्ञ स्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. वऱ्हाडात ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, आणि पुढे ज्या सालबर्डीच्या डोंगरात त्यांचे वास्तव्य झाले तो याच सातपुड्याचा. म्हणजे आपल्या पंथाचा मूळपुरुषच या भूमीत परका म्हणून आला आणि लोकांच्या दारची भिक्षा घेऊन राहिला. भिक्षू हा जन्मभर पाहुणाच असतो. तो मेळघाटात अटनास गेला, तर कुटकी किंवा ज्वारीची भाकर हातावर ठेवणारी कोरकू माय यजमान असते. तिच्या घरी मांस शिजते, मोहाची दारू असते. ती वस्तू भिक्षूने घेऊ नये, हे उघड आहे. पण वस्तू नाकारणे निराळे आणि दार नाकारणे निराळे. श्रीगोविंदप्रभू ऋद्धपुरात अठरापगड जातींच्या घरी जात असत. त्यांनी दार निवडल्याचे चरित्रात कोठे दिसत नाही. होळीनंतर मेळघाटातील रस्त्यांवर बायापोरे गाडी अडवून फगवा मागतात, तेव्हा आपल्याकडील काही यात्रेकरू कपाळाला आठ्या घालतात. झोळी घेऊन फिरणाऱ्या पंथाच्या माणसाला मागण्याची लाज वाटावी, हे थोडे नवलच म्हणावयाचे.

परक्याने केलेले आपले वर्णन किती बोचते, हे आपल्याला शिकविण्याची गरज नाही. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण मराठी मुलखाने आपल्यावर शतकानुशतके चालविली. आपल्याला न भेटता, आपले शास्त्र न वाचता चालविली. मग 'कोरकू आळशी, कोरकू अडाणी' हे शब्द आपल्या जिभेवर इतक्या सहजी कसे येतात?

नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, ते म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकू नयेत म्हणून. ज्याच्याकडे जावयाचे त्याच्या भाषेत जावे, हा त्यातील आचार आहे. त्या काळी ती भाषा मराठी होती. सेमाडोहच्या म्हातारीपुढे मात्र आज मराठी हीच संस्कृताच्या जागी उभी आहे. मेळघाटात अटन करू इच्छिणाऱ्या साधनवंताने दहा-वीस कोरकू शब्द पाठ केल्याने त्याच्या नामस्मरणात काही उणे पडणार नाही.

राहता राहिली खाली येऊन वसलेली गावे. अकोटकडील आपल्या उपदेशी मंडळींच्या शेताशेजारी ती आहेत, आणि बोलताना त्यांचा उल्लेख नुसता 'पुनर्वसन' असा होतो. त्या वस्तीत भिक्षेस गेलेल्या महात्म्याने वरच्या गावाचे नाव विचारावे, नदी कोणती होती ते विचारावे, आणि म्हातारा माणूस सांगेल तोवर उंबऱ्याशी बसून ऐकावे. त्या दिवशी पुढच्या घरी पोचण्यास उशीर झाला तरी हरकत नाही.