अर्ध्या ताटावरून उठलेल्याचा हिशेब

2019 च्या दिवाळीनंतर मी कॉलेज सोडलं. पहिलं वर्ष, पहिलं सेमिस्टर, तेही अर्धंच. बापाचा उजवा हात यंत्रमागात गेला आणि घरात कमावता म्हणून मीच उरलो. दोन महिने रेटलं. रात्री सूतगिरणीत तिसरी पाळी, सकाळी थेट लेक्चर. रिंगफ्रेमवर धागे जोडताना डोळा लागायचा, वर्गात बाकावर लागायचा. एक दिवस गेलोच नाही.

फी भरली होती 14,000. वर्षाची, एकदम. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्यापायी अडकला होता, म्हणून आईनं बचत गटातून उचलले होते. ती म्हणाली, जा, उरलेले मागून आण. बाप म्हणाला, ‘‘अर्ध्या ताटावरून आपणच उठलो. आता ताटाचे पैसे कसले मागतोस?’’ आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘ताट पुरतं वाढलंच कुठं होतं?’’

मित्रांनो, माझा सगळा प्रश्न या दोघांच्या बोलण्यात आहे. मधेच सोडून जाणारा पैसे परत मागतो तेव्हा तो भीक मागतो, की आपलं येणं मागतो?

ऑफिसातल्या क्लार्कनं विचारलं, ‘‘स्वतःहून सोडलंस ना?’’ अर्जात कारणाचा एक रकाना होता. त्यानंच सांगितलं, ‘वैयक्तिक’ लिही. मी लिहिलं. बापाची तुटलेली बोटं त्या एका शब्दात बसवून टाकली. आजही त्या शब्दाची चीड येते. स्वतःहून सोडणं म्हणजे काय? ज्याला दोन रस्ते आहेत तो स्वतःहून एक सोडतो. मला कुठं दोन होते?

कॉलेजची बाजूही मी ऐकली, आणि ती सगळी खोटी नाही. मास्तरांचा पगार माझ्या जाण्यानं कमी होत नाही. माझी जागा वर्षभर रिकामी राहणार. एक धागा तुटला म्हणून माग कमी वीज खात नाही, हे गिरणीवाल्याला कुणी शिकवायला नको. पण गिरणीत बदलीवाला नऊ दिवस भरून गेला तर नऊ दिवसांची हजेरी मिळते. महिना पुरा केला नाहीस म्हणून शून्य, असं म्हणायची हिंमत मालक करत नाही. केलीच, तर गेटवर बोंब होते. मी तर दुसऱ्या सेमिस्टरच्या वर्गाचं दारही पाहिलं नाही. त्याचे पैसे कशापोटी ठेवले?

नियम मी नंतर वाचला. शाळेत नाही, गिरणीच्या कँटीनमधे बसून. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 च्या ऑक्टोबरात तो काढला. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा जास्त आधी सोडलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रियेचे थोडे पैसे कापून. त्यानंतर, पण शेवटच्या तारखेआधी, 90 टक्के. तारखेनंतर 15 दिवसांत 80. तीस दिवसांत 50. तीस दिवस उलटले की शून्य.

ही उतरण नीट बघा. कोण लवकर सोडतो? ज्याला दुसरीकडं बरी सीट मिळाली तो. त्याचा बाप फोन करतो, पोरगं दुसऱ्या गावी जातं, पैसे परत येतात. 2024-25 साली आयोगानं 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर 1000 कापा, असं सांगितलं. चांगलंच केलं. पण त्यात पुन्हा जागा बदलणाराच धरला. उशिरा कोण सोडतो? जो शेवटपर्यंत रेटतो तो. बाप बरा होईल, पाळी बदलून मिळेल, उधार फिटेल, असं म्हणत जो एकेक आठवडा ढकलतो, त्याच्या नावावर शून्य. जितकी चिवट आशा, तितकी जबर दंडाची पावती. चंचल माणसाला शंभर आणि टिकून राहणाऱ्याला शून्य, हा कुठला न्याय?

शिष्यवृत्तीवाल्याचं आणखी वेगळं. 2010 च्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात एक कलम होतं: वर्षाच्या मधे शिक्षण सोडलं तर राज्य सरकार मनात आणील तर दिलेली रक्कम पोराकडून परत मागू शकतं. म्हणजे कॉलेजनं परत द्यायचं नाही, आणि पोरानं मात्र द्यायचं!

आता आपल्याच लोकांविषयी. हे लिहिताना हात जड होतो. मी सोडलं तेव्हा वस्तीतले कार्यकर्ते म्हणाले, ‘‘बाबासाहेब उपाशी राहून शिकले, तुला काय धाड भरली होती?’’ मी मान खाली घातली. पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं, 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा बाबासाहेबांनाही लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं होतं. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन पुरं करायची मुभा दिली. ते 1920 ला परत गेले, 1923 ला डी.एस्सी. झाले. उपास आम्हाला भाषणातून ऐकवतात. ती मुभा कुणी ऐकवत नाही. अर्ध्यात उठलेल्या पोराला गद्दार म्हणणारा कार्यकर्ता आणि ‘स्वतःहून ना?’ विचारणारा क्लार्क, दोघं मला एकाच बाकावर बसलेले दिसतात.

माझे 14,000 मिळाले नाहीत. मूळ दाखले मात्र मिळाले. तेही अडवले होते, पण दाखले अडवून ठेवायचे नाहीत असं त्याच 2018 च्या नियमात आहे. कागद छापून टेबलावर ठेवला तेव्हा कपाट उघडलं.

हल्ली पाळी सुटली की दोन-तीन पोरं अर्ज लिहून घ्यायला येतात. मी आधी तारीख विचारतो, प्रवेशाची शेवटची तारीख कोणती ते विचारतो. तोंडी सांगून येऊ नकोस, लेखी दे, पोच घे, असं बजावतो. अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचेत, हेही त्यातच लिहितो. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहू देत नाही. परवा एकानं लिहिलं, ‘आई कामावरून पडली. धुणीभांडी बंद. घरात दुसरं कुणी नाही.’ रकाना पुरला नाही, समासात गेलं. बाप बाजेवर बसून बघत होता. म्हणाला, माझंही असंच लिहायला पायजे होतं.