काळी, पांढरी आणि धावपट्टी

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. जिथे वस्ती, ती पांढरी. जिथे पीक, ती काळी. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागणारे नेर परसोपंत घ्या किंवा आडवाटेचे एखादे खेडे घ्या, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात हे दोन शब्द अजून येतात. पांढरीत माणूस जन्मतो आणि काळीवर जगतो. या विभागणीत न बसणारी एक तिसरी जमीन गेल्या शतकात आपल्याकडे आली. तिच्यावर कोणी राहत नाही आणि काही पिकतही नाही. दगड, मुरूम अंथरून आणि रूळ फिरवून ती इतकी घट्ट केलेली असते, की नांगराचा फाळ तिच्यात शिरू नये. ही जमीन म्हणजे लष्करी विमानतळाची धावपट्टी. युद्ध संपले, सैनिक गेले, म्हणजे तिचे काय करायचे, आणि ती कोणाची, हा प्रश्न वाटतो तितका सरकारी नाही.

१९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये विशाखापट्टण व काकिनाडा या बंदरांवर जपानी बाँब पडले. सरकारची झोप उडाली आणि देशभर विमानतळ बांधण्याचा धडाका सुरू झाला. दोनशेहून अधिक तळांची आखणी झाली. गोंदियाजवळच्या बिरसीचा विमानतळ त्याआधीचा, १९४० चा. अकोल्याजवळचा शिवणीचा १९४३ चा. नागपूरचे सोनेगाव तर पहिल्या महायुद्धापासूनचे, १९१७-१८ मधले. दुसऱ्या युद्धात ते पुन्हा डागडुजी करून वापरात घेतले गेले. त्या काळातील विमानतळांच्या बांधणीची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत एक गोष्ट हटकून दिसते. मागे प्रचंड विमान उभे आहे आणि पुढे डोक्यावर दगडांच्या टोपल्या घेतलेल्या बायका ओळीने चालल्या आहेत. विमानाचे नाव चित्राखाली छापलेले असते. बायकांचे नसते.

आता कोणी म्हणेल, मारण्यासाठी बांधलेली वस्तू ती. तिची आठवण तरी कशाला हवी? या म्हणण्यात एक सात्त्विकपणा आहे, पण तो फार वेळ टिकत नाही. ज्या दिवाळीत हा अंक आपल्या हाती आहे, त्याच दिवाळीत आपली मुले अंगणात चिखलाचे किल्ले करतात, त्यांवर हळीव पेरतात, मावळे मांडतात. किल्ला तरी दुसरे काय होते? आमच्या मेळघाटातला गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी चढून घेतला तेव्हा तिथे माणसांची कत्तल झाली. आज चिखलदऱ्याला गेलेली कुटुंबे त्याच तटाच्या सावलीत शिदोरी सोडतात, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. काळ गेला की रक्ताचा वास जातो. मग गडावर आपला जीव जडतो आणि धावपट्टीवर जडत नाही, हे का? ती सपाट आहे आणि गडासारखी देखणी नाही, हे एक कारण झालेच. खरे कारण मला असे वाटते, की गड आपण आपला मानला. धावपट्टी दुसऱ्याच्या युद्धासाठी, दुसऱ्याच्या हुकमाने, आपल्या मजुरीतून झाली. तिच्यात आपला अभिमान नाही. आपले फक्त कष्ट आहेत आणि जमीन आहे.

परंतु वस्तूला तिचा जन्महेतू जन्मभर चिकटून राहतो, असेही नाही. सोनेगावचेच पाहा. जानेवारी १९४९ मध्ये तिथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे, चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटे ती आपापल्या घरी परतत. सुरुवातीची विमाने होती डाकोटा, म्हणजे युद्धात सैनिक आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या जातीची. १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत हा उद्योग चालला. मुंबईच्या विमानाची वाट वऱ्हाडावरूनच जाई. खाली गावे झोपलेली, आणि वरून लग्नाच्या याद्या, नोकरीचे हुकूम, बाळंतपणाची खुशाली आणि कोणाच्या तरी मरणाची वार्ता चाललेली! युद्धासाठी घट्ट केलेल्या जमिनीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. जवळजवळ त्याच महिन्यांत, १९४८-४९ मध्ये, बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळावर वेढ्यात अडकलेल्या शहरासाठी अन्न आणि कोळसा उतरत होता. चार वर्षांपूर्वी ज्या देशाची विमाने त्या शहरावर बाँब टाकत होती, तेच आता पीठ आणत होते. तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी लोकांना फिरायला मोकळा झाला. आज तिथे लोक धावपट्टीवर पतंग उडवतात.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे, आणि सणाच्या अंकात इथेच थांबावे असा मोह होतो. पण एक हिशेब राहतो. धावपट्टीचे पाप टपालाने धुतले असेल. तिच्याखालच्या जमिनीचे देणे टपालाने कसे फिटेल?

युद्धकाळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारला मालमत्ता ताब्यात घेता येत असे. घेताना शब्द असे तो ‘युद्धापुरती’. १९४५ साली युद्ध संपले. १९४७ साली एक कायदा झाला, तो ताब्यात असलेल्या जमिनी आणखी काही काळ ठेवून घेण्याचा. १९५२ साली दुसरा झाला; तोही आधी सहा वर्षांपुरता होता, मग मुदती वाढत गेल्या. ‘तात्पुरते’ हा शब्द मोठा लबाड आहे. घरात तात्पुरती ठेवलेली पेटी वीस वर्षे कोपऱ्यातून हलत नाही, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पेटीने मात्र कोणाचे पोट अडत नाही. १९५१ साली मुंबईतील एक सदनिका अशीच सरकारने ताब्यात घेतली होती. तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला १९८४ साली सांगावे लागले, की असा ताबा स्वभावतःच तात्पुरता असतो आणि तो अनंत काळ चालू ठेवता येत नाही. मुंबईच्या घरमालकाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढता आली. वऱ्हाडातल्या कोरडवाहू कास्तकाराला ती चढणे सोपे नसते.

यावर उत्तर ठरलेले आहे: मोबदला दिला होता. दिला असेलही. मोबदल्याची रक्कम जमिनीच्या भावावरून ठरते. काळीचा संबंध केवळ भावाशी असता तर बैलपोळ्याला बैलाच्या गळ्यात पडून रडणारा माणूस आपल्याला दिसला नसता. माझे म्हणणे जमीन परत द्या असे नाही. घट्ट केलेल्या पट्टीवर कपाशी होणार नाही, हे मलाही कळते. इंग्लंडातील ग्रीनहॅम कॉमन हे गायरान १९४१ मध्ये युद्धासाठी घेतले गेले, पुढे तिथे अण्वस्त्रे आली, माघारी गेली, आणि २००० मध्ये कुंपण काढून ती जागा लोकांना खुली झाली. तिथे गुरे चरतात. असे क्वचित घडते. बिरसीला आज वैमानिक घडवले जातात, आणि विदर्भातल्या पोराला आकाशात जाण्याची वाट तिथून मिळत असेल तर ती बंद करा असे मी तरी म्हणणार नाही. शिवणीची धावपट्टी लांबवण्याचा विषय निघाला की शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या शेतांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे काळी आणि धावपट्टी यांचे भांडण अजून मिटलेले नाही, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी खरे आहे.

मागणे एवढेच आहे, की चांगल्या उपयोगाच्या उजेडात मूळची उचल दिसेनाशी होऊ नये. उपकार करणाऱ्याने कर्ज बुडवले तर ते बुडवलेच असते. आणि ज्यांच्याकडून ती उचल झाली, त्यांना निदान नावाने ओळखावे. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असते. सरकारी कागदावर नंबर असला तरी घरात बोलताना आंब्याचे वावर, विहिरीचे वावर, नाल्याकाठचे, मामाने दिलेले, अशीच नावे घेतली जातात. विमानतळाच्या प्रतीक्षागृहात मोठमोठ्यांच्या तसबिरी असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्याशेजारी एक जुना नकाशा टांगावा, धावपट्टीखाली गेलेले धुरे त्यावर बारीक रेघांनी दाखवावेत, आणि आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना आठवत असतील तेवढी वावरांची नावे त्यांना विचारून त्यात लिहावीत. खर्च फारसा नाही. घाई मात्र करायला हवी, कारण १९४३ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे.