संशय आणि शहानिशा

एखाद्या गोष्टीचा संशय आला आहे, परंतु खात्री पटलेली नाही, अशा वेळी माणसाने कसे वागावे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. न्यायालयात त्याचे उत्तर ठरलेले असते. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष. घरात मात्र असा नियम नसतो. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो जीव दोन महिन्यांचा असेल, त्याला बोलता येत नसेल आणि ज्या दुधावर तो वाढावयाचा त्या दुधाविषयीच शंका निर्माण झाली असेल, तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील एखादे घर आपण डोळ्यांसमोर आणू या. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील खेडे आहे. बाळ अंगावर पिते, कधीमधी वरचे दूधही दिले जाते. पाजल्यानंतर ते ओकते, गालांवर पुरळ उठते, शी चिकट होते आणि एके दिवशी तिच्यात रक्ताचा धागा दिसतो. आजी म्हणते, दृष्ट लागली. आत्याबाई म्हणतात, बाळंतिणीने पथ्य पाळले नाही. शेजारीण सांगते, आईचे दूधच बाधते आहे, ते बंद करा. म्हणता म्हणता संशय दुधावरून सरकतो आणि आईवर येऊन थांबतो. सर्वांच्या बोलण्यात बाळाविषयीची माया असते, यात शंका नाही. परंतु माया खरी असली म्हणजे निदानही खरे ठरते, असे नाही.

या विकाराविषयी आज जे निश्चित ठाऊक आहे, ते प्रथम पाहू या. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी ईशज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला होता. शरीराची एखाद्या पदार्थाशी नेहमीहून वेगळी वागणूक, असा त्या शब्दाचा मूळ आशय. गाईच्या दुधातील प्रथिनांना बाळाचे शरीर शत्रू समजते, तेव्हा हा विकार होतो. कधी तो दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत, अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशा रूपाने दिसतो. कधी काही दिवसांनी, आतड्यांच्या तक्रारींच्या रूपाने. दुधातील साखर न पचणे ही निराळी गोष्ट आहे. बाळांना जन्मजात असा दोष क्वचितच असतो.

येथे आपले घरगुती उपाय तोकडे पडतात. गाईचे दूध सोसत नाही म्हणून शेळीचे किंवा म्हशीचे द्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु या तिन्ही दुधांतील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, ज्याला एक बाधते त्याला बहुधा दुसरेही बाधते. वाशीम हा सोयाबीनचा मुलूख. मग सोयाबीनचे दूध का देऊ नये, असेही कोणी विचारील. अशा बाळांपैकी काहींना सोयाबीनही सोसत नाही, आणि घरी काढलेले सोयाबीनचे दूध हे तान्ह्या बाळाचे अन्न होऊच शकत नाही. आईचे दूध बंद करणे तर बहुतेक वेळा अनावश्यक असते. आईने खाल्लेल्या दुग्धपदार्थांचा सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो, एवढेच. ते पदार्थ तिने वर्ज्य केले की, बाळ पुन्हा निर्धास्तपणे पिऊ शकते.

म्हणून डॉक्टर बहुधा सांगतात, की आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, तूप, पेढा, दूधपावडर घातलेली बिस्किटे, सारे सोडावे. हे सांगणे सोपे आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि आपल्या घरांत सून बहुधा सर्वांच्या मागून जेवते. तिच्या ताटातून दूध काढून घ्यावयाचे तर तिथे दुसरे काही वाढले पाहिजे. तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला, तुरीचे वरण आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या यांची तजवीज घराने करावी. त्याग आईने करावा आणि उपदेश इतरांनी, ही वाटणी न्याय्य नव्हे.

समजा, पथ्य पाळले आणि बाळ सुधारले. रक्त थांबले, पुरळ मावळले, घराने सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर आता सांगतात, आईने पुन्हा दूध घेऊन पाहावे. खरा नैतिक पेच येथेच आहे. ज्याने बाळाला त्रास झाला असे वाटते, तेच बरे झालेल्या बाळापुढे पुन्हा जाणूनबुजून आणावे काय? कोणत्याही मातेचे मन म्हणेल, कशाला विषाची परीक्षा!

तरीही आमच्या मते ही परीक्षा केली पाहिजे. तान्ह्या बाळांच्या कितीतरी तक्रारी काळाबरोबर आपोआप मिटतात. पोटदुखीचे रडणे तीन-चार महिन्यांत ओसरते. अंगावर पिणाऱ्या, एरवी सुदृढ बाळांच्या शीतील रक्तही कित्येकदा काही न करता थांबते. दूध सोडल्यानंतर बरे वाटले, म्हणून दूध सोडल्यामुळेच बरे वाटले, असे सिद्ध होत नाही. युरोपातील नऊ देशांत जन्मापासून दोन वर्षे पाहिलेल्या सुमारे बारा हजार बालकांच्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, काटेकोर परीक्षेअंती शेकडा एकाहूनही कमी बालकांत ही ॲलर्जी खरी ठरली. शहानिशा न करता संशयालाच निकाल मानले, तर कित्येक माता विनाकारण उपाशी राहतील आणि कित्येक मुले ‘याला दूध चालत नाही’ असा शिक्का कपाळी घेऊन वाढतील.

मग मुलावर प्रयोग करण्याचा हक्क आपणास आहे काय? इतरांचे कुतूहल भागविण्यासाठी मुळीच नाही. परंतु ज्याच्यावर परीक्षा व्हावयाची, तिचे फळही त्यालाच मिळणार असेल, धोका मोजलेला असेल आणि जाणता हात जवळ असेल, तर ती परीक्षा पालकत्वाचाच एक भाग ठरते. मर्यादा मात्र स्पष्ट आहे. ज्या बाळाला दुधानंतर लगेच गांधी, सूज वा धाप आली असेल, त्याची परीक्षा घरी कधीही करू नये; ती रुग्णालयातच व्हावी. बाळ निपचित पडले, वारंवार ओकू लागले, वजन वाढेना, तर पथ्याचा वा परीक्षेचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा. संशयाची उपेक्षा हाही अपराधच होय.

परीक्षेत ॲलर्जी खरी ठरली तरी निराश होण्याचे कारण नाही. बहुतेक मुलांची ती तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत निघून जाते. तोवर अधूनमधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुन्हा पडताळा घ्यावा लागतो. एकदा दिलेला निकाल पुन्हा तपासून पाहण्याची तयारी माणसांविषयीही आपण क्वचितच दाखवितो.

या कामी केवळ आईबापांवर भार टाकून चालणार नाही. डबाबंद दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु ‘बाई, डब्याचे दूध पाज’ हे शेजारचे बोलणे कोणता कायदा थांबविणार? बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत आईने खिरीची वाटी नाकारली, तर आग्रह न करणे, ‘आमच्या वेळी असली थेरे नव्हती’ हे वाक्य ओठांतच अडविणे, दवाखान्याच्या वाऱ्यांत थोरल्या मुलांना सांभाळणे, एवढे तर आपणास सहज करता येईल. नवऱ्याने त्या महिन्यापुरते तिच्याबरोबर तेच पथ्य पाळले, तर ते पथ्य निम्मे हलके होईल.

संशय येणे हे माणसाच्या हाती नाही. त्याची शहानिशा करणे मात्र त्याच्या हाती आहे. आणि ती पूर्ण होईपर्यंत, निदान त्या बाळाच्या आईला तरी, निर्दोष मानले पाहिजे.