सुटकेचे अग्निबाण आणि फलाशा
प्रक्षेपणात घात झाला, तर अंतराळवीरांची कुपी ओढून दूर नेणे हे सुटका यंत्रणेचे काम. उड्डाण सुरळीत झाले की ती न वापरताच टाकून दिली जाते. ज्या कामाचे फळ दिसूच नये अशी करणाऱ्याचीच इच्छा असते, ते काम निष्काम म्हणावे का?

इस्रोने अशा यंत्रणेची पहिली चाचणी ५ जुलै २०१८ रोजी श्रीहरिकोट्यात घेतली. निर्मनुष्य कुपी घन इंधनाच्या सात मोटरींनी थेट तळावरून उचलली आणि २५९ सेकंदांत चाचणी संपली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी हीच कसोटी उडत्या वाहनावर झाली.

टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा (१९१५) भर फलाशा सोडून कर्म करण्यावर आहे. फलाशा सोडणे म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे या चाचण्यांत लख्ख दिसते. इस्रोने कुपी निर्मनुष्य ठेवली; अमेरिकेने मात्र १९५९-६० मध्ये सॅम आणि मिस सॅम या माकडांना अशा कुपीत बसवले. ती जगली, तरी मुक्या जिवावर लादलेली जोखीम समर्थनीय ठरत नाही.

जे फळ दिसू नये, ते कधी दिसतेही: २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत सोयुझच्या अग्निबाणाला तळावरच आग लागली, तेव्हा सुटका यंत्रणेने तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह या अंतराळवीरांचे प्राण वाचवले.