मुक्याच्या वतीने क्षमा

शेजारधर्म ही आपल्या समाजाची जुनी ठेव आहे. शेजाऱ्याचे चार बोल सोसावेत, त्याच्या घरचा गोंगाट कानाआड करावा, क्षुल्लक तक्रारींनी वर्षानुवर्षांचा स्नेह विटू देऊ नये, असे वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविले आहे. ही शिकवण योग्यच होय. परंतु तिची मर्यादा कोठे, हा प्रश्न एका साध्या, नित्य घडणाऱ्या गोष्टीतून उभा राहतो. एका घरी लहानसा पामेरियन कुत्रा आहे. शेजारच्या घरी दांडगा अल्सेशियन आहे. शेजारचे फाटक उघडे असते, कुत्र्याला साखळी नसते, आणि लहान कुत्रा दृष्टीस पडताच तो त्याच्यावर धावून जातो. तक्रार करावी, तर हसून उत्तर मिळते, "अहो, काही करत नाही तो!" अशा वेळी लहान कुत्र्याच्या धन्याचा धर्म कोणता?

पुष्कळ सज्जन येथे मौन पत्करतात आणि त्या मौनाला क्षमा असे नाव देतात. ते नाव त्याला शोभते काय? क्षमा हे थोर मनाचे भूषण खरे. पण जी इजा स्वतःस झाली, तिचीच क्षमा मनुष्य करू शकतो. ज्याची मान दाताखाली सापडते, त्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण शेजाऱ्याची मर्जी राखतो आणि तिचे मोल मात्र एक मुका जीव देतो. ही क्षमा नव्हे. हा निव्वळ भिडस्तपणा आहे.

महाभारतात श्वान म्हटला म्हणजे आपल्याला धर्मराजाबरोबर शेवटच्या वाटेवर चाललेला तो कुत्रा आठवतो. भक्ताचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, दुसऱ्या एका श्वानाची कथा आहे. ती आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असता देवशुनी सरमेचा पुत्र तेथे आला आणि राजाच्या भावांनी त्याला मारले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते. तो रडत आईकडे गेला. सरमा स्वतः यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले, माझ्या निरपराध पुत्राला का मारले? त्यावर कोणीही काही उत्तर दिले नाही. तेव्हा अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा शाप तिने दिला. लेकराच्या वतीने क्षमा करून ती घरी बसली नाही. तिने जाब विचारला. आणि शाप आला तो, विचारूनही उत्तर न मिळाल्यावर.

मग त्या दांडग्या कुत्र्याला दुष्ट ठरवावे काय? मुळीच नाही. त्याला धर्माधर्माचे ज्ञान नाही. ते त्याच्या धन्याला आहे. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवलेला, फिरावयास न नेलेला, माणसांची व इतर कुत्र्यांची सवय नसलेला प्राणी सुटताच अनावर होतो, यात नवल नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात, आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि नित्य बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरविणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत गणल्या आहेत. दुसऱ्या बाजूने, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत संभवत असेल, तर पुरेशी काळजी न घेणारा धनी शिक्षेस पात्र होतो. हे कलम माणसापुरते बोलते. परंतु लहान कुत्र्याच्या दोरीचे दुसरे टोक माणसाच्याच हाती असते, अनेकदा एखाद्या मुलाच्या. दोन्ही कायद्यांचे तात्पर्य एकच: ज्याला पुढचे दिसते, जबाबदारी त्याची.

रक्षणाचीही एक रीत आहे. ताठ झालेले अंग, रोखलेली नजर, उभे राहिलेले केस ही हल्ल्याची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग होतो. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन काठी किंवा उघडलेली छत्री मध्ये धरावी आणि शांतपणे मागे सरावे. दोघे जुंपलेच, तर त्यांच्या जबड्यांमध्ये हात घालू नये. बळ वापरावे ते हल्ला थांबेपर्यंतच. कुत्रा मागे हटला की काठीही खाली आली पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक तडाखा रक्षणाचा नसून रागाचा असतो, आणि मग सरमेचा प्रश्न आपल्यालाच लागू होतो. लहान कुत्र्याला चावा बसला असल्यास वरची जखम बारीक दिसली तरी पशुवैद्याला दाखवावे, कारण दातांनी झिंजाडल्यावर कातडीखाली मोठी इजा झालेली असू शकते. माणसाला दात लागला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

परंतु खरे रक्षण काठीने होत नाही, ते आधी बोलण्याने होते. शेजाऱ्याकडे चारचौघांत नव्हे, एकांतात जावे. तारीखवार घडलेले सांगावे. फाटकाला कडी, बाहेर नेताना दोरी, गरज पडल्यास मुसके, एवढे स्पष्ट मागावे. आपलाही कुत्रा मोकळा सोडून भुंकू देत नाही, हे आधी पाहावे. इतके करूनही उपेक्षा झाली, तर वस्तीच्या पंचांकडे, नगरपालिकेकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करण्यास संकोचू नये. तिच्यात कुत्र्याला मारून टाकण्याची भाषा नसावी, आवरण्याची असावी.

यात स्नेह दुरावण्याचा संभव आहे, हे नाकारता येत नाही. तथापि, जो स्नेह आपल्या आश्रिताच्या रक्तावर टिकवावा लागतो, त्याची किंमत एकदा मोजून पाहिली पाहिजे. शेजाऱ्याला सत्य सांगणे हाही शेजारधर्मच आहे; कदाचित उद्या एखाद्या मुलाला होणारी इजा, आणि तिचा आयुष्यभराचा पश्चात्ताप, त्या अप्रिय शब्दांनी टळेल. आपल्या दाराशी विश्वासाने बसलेल्या जीवाला वाचा नाही. ती आपण त्याला उसनी द्यावयाची असते.