सम शिलाईत गेली

बंधन आणि मोकळीक हा विषय निघाला की आपल्याकडचा माणूस तडक मोक्षापर्यंत जातो, मधले एकही स्टेशन घेत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतके लांबचे तिकीट मला परवडत नाही. मी आपला पुस्तकबांधणीपाशी उतरतो.

प्रश्न साधा आहे. बांधलेली वस्तू मोकळी असू शकते का?

पेटी वाजवणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. वही उघडी धरायला तिसरा हात देवांना असतो, आपल्याला नाही. वही मिटली की यमनही मिटला. आमच्या सौभाग्यवतींनी यावर पेपरवेट, चिमटा आणि मी असे तिन्ही उपाय करून पाहिले. (तिसऱ्या उपायाने मान डोलवायची नाही, अशी अट होती.)

तिच्याकडे तिच्या गुरुजींच्या हातची स्वरलिपी आहे. गुरुजी आता नाहीत. कागद सुटे होते, म्हणजे पूर्ण स्वतंत्र. पंखा लावला की स्थायी बाहेरच्या खोलीत आणि अंतरा स्वयंपाकघरात. म्हणून ते एका दुकानात बांधायला दिले. दुकानदार सज्जन. "साहेब, पुन्हा सुटलं तर नाव बदलीन," म्हणाला, आणि कडेपासून अर्धा इंच आत दाभणाने टोचून असे टाके घातले की वही उघडायला दोन माणसे लागावीत. भातखंडे पद्धतीत समेला फुलीची खूण असते. उजव्या पानावर ओळीच्या सुरुवातीच्या साऱ्या फुल्या शिलाईत गेल्या. वहीत टाळी होती, खाली होती, सम तेवढी नव्हती!

आता त्या माणसाला दोष कसा द्यायचा? त्याने मजबुतीचा शब्द दिला आणि पाळला. पण मजबुती कोणासाठी, हे त्याने विचारले नाही. आपण जिथे घट्ट बांधतो तिथे बहुतेक वेळा प्रेमापेक्षा अविश्वासच जास्त असतो, असे मला वाटते. बँकांत शंभर नोटांच्या पुडक्याला पूर्वी पिना ठोकत. 2001 साली रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावले आणि कागदी पट्टी आली. पिना चोराच्या भीतीने मारल्या. भोके पडली ती नोटांना.

गंमत म्हणजे उपायही बँकेतच होता. जुनी लेजरे आठवा. चार शेर वजनाची, पण उघडली की टेबलावर जेवून झोपलेल्या पाहुण्यासारखी सपाट. कारण जुजबंदी. कागद दुमडून एकात एक घालायचे, चार घातले की सोळा पानांचा एक जुज. सुई कडेने न घालता दुमडीच्या घडीतून घालायची आणि प्रत्येक जुज शेजारच्याला दोऱ्याने जोडायचा. पाठीवरचे कापड जुजांना चिकटवायचे नाही. मग पान थेट घडीपर्यंत उघडते.

मी दुकानातली शिलाई उसवली. सुट्या पानांना दुमड कुठली? म्हणून दोन-दोन पाने पातळ कागदाच्या पट्टीने, खळ लावून जोडली. दोऱ्याला मेण लावले. चार रविवार गेले. दोरा ओढायचा किती, हाच खरा प्रश्न. सैल राहिला तर जुज लोंबतात, जास्त ओढला तर कागद करवतीसारखा कापतो. शिवाय ओढायचा तो घडीच्या दिशेने. आपल्याकडे ओढला की पान फाटले. हे माप कुठल्या पुस्तकात सापडत नाही, बोटांनाच कळते. मुलाला रात्री किती वाजता घरी यायला सांगावे, याचेही बहुधा तसेच असावे. तिथे आमचा दोरा अजून जमलेला नाही.

आता वही पेटीवर आडवी पडून राहते. परवा सौभाग्यवतींना एका पानाच्या अगदी घडीपाशी गुरुजींचे पेन्सिलीतले बारीक अक्षर दिसले. 'इथे घाई करतेस.' ती बराच वेळ भाता न हलवता बसली. मग तीच ओळ तिने पुन्हा वाजवली, सावकाश.